फरशीवरचा एडिटर

मी ‘डिअर सर्स’ असं टाइप केलं आणि पडद्यावरची पहिली ओळ नाहीशी झाली.

दचकून हात उचलले. खालच्या ओळीतल्या पहिल्या शब्दाला चिकटून ‘आर सर्स’ एवढंच उमटलं होतं. ‘डिअर’ची पहिली तीन अक्षरं कुठं गेली, काही कळेना.

“साहेब, मशीननं पत्र खाल्लं,” मी म्हणालो.

होनराव साहेब मागे येऊन उभे राहिले. गिरणीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर पुण्याहून आलेले हे अधिकारी. वय सत्तावीस-अठ्ठावीस, आवाज कधी चढवायचे नाहीत.

“मशीननं नाही, तुम्ही खाल्लंत. आधी ‘आय’ दाबलं होतं?”

“नाही.”

“मग तुम्ही लिहीत नव्हता, हुकूम सोडत होता. मोठा ‘डी’ म्हणजे इथून पुढची ओळ पूस. तुम्ही पूस म्हणालात, त्यानं पुसली. ‘ई’ म्हणजे पुढच्या शब्दाच्या शेवटी जा. गेला. ‘ए’ म्हणजे इथून पुढे लिहायला घे. मग उरलेलं त्यानं लिहिलं. त्याची चूक सांगा मला.”

त्याची चूक नव्हतीच. पण टाइपरायटरवर अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हे पटत नाही. टाइपरायटरवर ‘डी’ मारला की कागदावर ‘डी’ पडतो. इथं, एडिटर नावाच्या त्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, तेच बटण कधी अक्षर असायचं, कधी हुकूम. लिहायचं असेल तर आधी ‘आय’ दाबून आत जायचं, लिहून झालं की एस्केप दाबून बाहेर यायचं. आत आहोत की बाहेर, हे पडदा सांगत नव्हता. ते आपण लक्षात ठेवायचं.

शेजारच्या स्टुलावर बिराजदार बसले होते. गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट आम्ही दोघंच. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे.

“काय ओ मादगुंडी,” ते म्हणाले, “सासरी गेलेल्या पोरीगत करालाव की. आत का बाहेर, आत का बाहेर.”

होनराव हसले नाहीत. “बिराजदार, तुम्हालाही हेच करायचंय. दोघांनी ऐका. शनिवारी अकरा वाजता मी दोघांना एकेक पत्र देणार. चुका असलेलं. ते मशीनवर दुरुस्त करायचं. जो नीट करेल तो इथं ऑपरेटर. ऑफिसात टायपिस्टची जागा आता राहणार नाही.”

“आणि दुसरा?” मी विचारलं.

“दुसऱ्याची नोकरी जाणार नाही. कापूस पिंजायच्या खात्यात हजेरी कारकुनाची जागा रिकामी आहे.”

ही गोष्ट एकोणनव्वद सालची, सोलापूरच्या मार्तंड सूतगिरणीतली. तो दिवस सोमवार होता.

त्या खात्यात माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं काढली होती. तिथं कापसाचे गठ्ठे फुटतात आणि हवेत कायम पांढरं काहीतरी तरंगत असतं. वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. शेवटची तीन वर्षं ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे, कारण आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. माझीही छाती त्यांच्याच वळणाची. थंडीत सूं सूं वाजायची. टायपिंगचा क्लास मी लावला तो त्या खात्यात जायला नको म्हणून.

घरी आलो तेव्हा नागमणी, माझी बायको, दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. सुपात एका बाजूला कापलेली तेंदूची पानं, एका बाजूला तंबाखू. आमच्या पूर्व भागात तेव्हा घरोघरी बायका हेच करायच्या. मी सरळ आत गेलो, तशी ती सूप बाजूला ठेवून मागोमाग आली.

“चहा ठेवू का आधी भांडू?” तिनं विचारलं.

आमची घरची भाषा तेलुगू. पण भांडायचं असलं की नागमणी मराठीत बोलायची. शेजारच्या सोनवणे वहिनींना कळावं आणि त्यांनी तिची बाजू घ्यावी म्हणून. तिनं मराठीत विचारलं म्हणजे माझा चेहरा तिनं वाचला होता.

मी शनिवारचं सांगितलं. पिंजायच्या खात्याचं सांगितलं. तिनं हातावरची तंबाखू झटकली. मग म्हणाली, “शिकायला मशीन किती वेळ मिळतंय?”

“रोज अर्धा तास.”

“आणि पुस्तक?”

“पुस्तक नाही. दोन कागद दिलेत.”

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कागद मागितले. सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद होते, इंग्रजीत. नागमणी मॅट्रिक होती. इंग्रजीत वर्गात पहिली आलेली. निकाल लागला त्याच वर्षी लग्न झालं आणि आमच्या आईनं तिच्या हातात सूप दिलं. ती दिव्याखाली बसून दोन्ही कागद बोट फिरवत वाचत राहिली. एका ओळीशी थांबायची, परत मागे जायची. मी चहा केला.

“यात अवघड काय आहे?” ती म्हणाली.

“तू मशीन बघितलं नाहीस म्हणून बोलतेस.”

“तुम्ही बघितलंत ना? मग मी मशीन होते. तुम्ही तुमचं टाइप करा.”

आमच्या पुढच्या खोलीला शहाबादी फरशी होती. तिनं फडक्यानं फरशी पुसून घेतली. खडू आणला. वर्तमानपत्राच्या कागदावर मी टाइपरायटरची बटणं आखली, एस्केप कोपऱ्यात. तो कागद माझ्यासमोर. तिनं फरशीवर एकाखाली एक सहा ओळी लिहिल्या, गिरणीचं एक जुनं पत्र मी सांगितलं तसं. आणि पहिल्या अक्षरावर एक चिंचोका ठेवला.

“हा तुमचा चमकणारा ठिपका,” ती म्हणाली. “आता बटण दाबा. तोंडानं नाव घ्या. मी तेवढंच करणार. तुमच्या मनात काय आहे ते मला कळत नाही, मी मशीन आहे.”

मी बोट ठेवलं आणि सवयीनं म्हणालो, “मोठा डी.”

तिनं फडकं फिरवलं. पहिली ओळ गेली.

“अगं!”

“काय अगं? मशीनला अगं कळतं काय? पुढचं बोला.”

त्या संध्याकाळी तिनं माझी पाच पत्रं पुसून टाकली. एकदा मी एस्केप विसरलो आणि ओळ पुसायला ‘डी डी’ म्हणालो, तर तिनं पत्राच्या मधोमध सुंदर अक्षरात दोन ‘डी’ काढून ठेवले आणि माझ्याकडे शांतपणे बघत बसली. मी चिडलो. ती म्हणाली, “आधी सुटा, मग सांगा. आत अडकलेल्या माणसाचं मी ऐकत नाही.”

मंगळवारी मशीनवर माझी पहिली ओळ गेली नाही. एवढंच. पण गेली नाही.

बुधवारी होनरावांनी फाइलचं सांगितलं. पडद्यावर दिसतं ती खरी फाइल नव्हे, ती तिची नक्कल. जतन केल्याशिवाय खरीमध्ये बदल होत नाही. त्यांनी तीन वेळा सांगितलं. बिराजदार म्हणाले, “साहेब, एकच पत्र दोन ठिकाणी कसं असेल? माणूस दोन ठिकाणी असला तर भूत म्हणतात त्याला.” मलाही कळलं नव्हतं, पण मी मान हलवली.

घरी नागमणीला ते जसंच्या तसं सांगितलं. ती विडीला दोरा गुंडाळत ऐकत होती. दोन-तीन विड्या झाल्यावर उठली आणि फडताळातून एक वही काढून आणली.

“हे बघा. वही ही खरी. मी वहीतलं पत्र फरशीवर उतरवते. तुम्ही फरशीवर काय धिंगाणा घालायचा तो घाला. वहीला धक्का नाही. ‘कोलन डब्ल्यू’ म्हणालात की मी फरशीवरचं वहीत उतरवून घेणार. म्हणजे जतन. नाही म्हणालात आणि उठलात, तर मी फरशी पुसणार. वही तशीच.”

मी फरशीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. होनरावांनी तीन वेळा सांगून जे शिरलं नव्हतं ते शिरलं.

“आणि हे शेवटचं वाचलंत का?” तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. “कोलन, ई, उद्गारचिन्ह. सगळं बिघडलं तर हे. मी फरशी धुऊन काढते आणि वहीतलं परत लिहिते. पण तेवढ्यासाठी मधूनमधून जतन करायला पाहिजे. नाहीतर वहीत जुनंच राहतं. दर खेपेला एक काम झालं की जतन म्हणायचं. मला हात दुखेपर्यंत उतरवायला लावा, काही हरकत नाही.”

“‘यू’ आहे ना चूक मागे घ्यायला?”

“ते एकच पाऊल मागे जातं. परत ‘यू’ केलं तर पुढे येतं. मी करून बघितलं दुपारी.”

“कुणाबरोबर?”

“माझी मीच. मीच बटण, मीच मशीन. सोनवणे वहिनी दारातून बघून गेल्या. डोक्यावर परिणाम झाला म्हणून गल्लीत सांगतील आता.”

गुरुवारी ओळी उचलून दुसरीकडे नेण्याचा सराव चालला होता. पुसलेल्या ओळी मशीन जवळ ठेवतं आणि ‘पी’ म्हटलं की ठेवलेलं परत देतं. नागमणी पुसायच्या आधी ओळी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि चिठ्ठी पदराच्या गाठीत ठेवायची.

“पदर एकच आहे,” तिनं बजावलं. “मधेच दुसरं काही पुसलंत, एक अक्षर जरी, तर पहिली चिठ्ठी मी टाकून देणार.”

“एका अक्षरासाठी?”

“मी मशीन आहे. मला मोठं-लहान कळत नाही.”

तेवढ्यात दारात बिराजदार उभे. त्यांचा दुसरा कागद हरवला होता, माझा उतरवून घ्यायला आले होते. त्यांनी खडूनं भरलेली फरशी बघितली, चिंचोका बघितला, गुडघ्यावर बसलेली नागमणी बघितली.

“वहिनी, तुम्ही पण बसताय काय शनिवारी परीक्षेला?”

“मला कोण बसवतंय भाऊजी,” ती उठत म्हणाली. “मी नुसतं पुसायचं काम करते. बसा, चहा टाकते.”

“ह्यांना पुसताय का फरशीला?”

“दोघांना.”

बिराजदार हसले. कागद उतरवून घेता घेता त्यांची नजर परत परत फरशीवर जात होती. जाताना मला म्हणाले, “नशीबवान आहात ओ. आमच्या घरी मी एस्केप म्हणालो तर बायको म्हणंल, जावा.”

शनिवारी होनरावांनी कॉम्प्युटरच्या खोलीचं दार लावून घेतलं. आधी बिराजदार बसले. वीस मिनिटं होती. पत्र एका व्यापाऱ्याला होतं. त्याचं नाव तीन ठिकाणी चुकलेलं, एक ओळ दोनदा आलेली, आणि पाच ओळींचा एक परिच्छेद खाली होता तो वर न्यायचा होता. बिराजदारांनी पत्र वाचलं, मान हलवली, सगळं पत्र पुसून टाकलं आणि सपासप पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. अकरा मिनिटांत निर्दोष पत्र तयार. एक चूक नाही.

“झालं साहेब.”

“हे दुरुस्त केलं नाहीत. परत टाइप केलंत,” होनराव म्हणाले.

“मग? चूक झाली की कागद काढायचा, दुसरा घालायचा, परत मारायचं. अठरा-वीस वर्षं तेच करतोय.”

“उद्या चाळीस पानांचा अहवाल आला आणि एक शब्द चुकला, तर चाळीस पानं मारणार?”

बिराजदारांनी थोडा विचार केला. “मारीन की,” ते म्हणाले. खरंच मारली असती त्यांनी. होनरावांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग मी बसलो. छाती सूं सूं वाजत होती. मी एस्केप दाबलं. परत दाबलं. मग नावं सुधारली, दोनदा आलेली ओळ पुसली. आणि कुणी सांगितलं नसताना ‘कोलन डब्ल्यू’ केलं. होनरावांनी मान वळवून बघितलं.

आता परिच्छेद. पाच ओळी उचलल्या. पडद्यावरून गेल्या. वर जायला निघालो, तर वाटेत एका शब्दात एक जादा अक्षर दिसलं. टायपिस्टच्या डोळ्याला चुकीचं अक्षर दिसलं की हात थांबत नाही. मी ‘एक्स’ दाबून ते उडवलं. वर जाऊन ‘पी’ दाबलं. पाच ओळींच्या जागी ते एकच जादा अक्षर आलं.

पाच ओळी गेल्या होत्या. ‘यू’ दाबलं, अक्षर गेलं. परत ‘यू’ दाबलं, अक्षर आलं. बिराजदार मागून हळूच “अरेरे” म्हणाले. मला वाटलं, संपलं. सोमवारपासून त्या खात्यात. मी हात मांडीवर घेतले.

मग एस्केप, कोलन, ई, उद्गारचिन्ह.

पडदा एकदा कोरा झाला आणि पत्र परत आलं, नावं सुधारलेलं, पाच ओळी जिथल्या तिथं. मी त्या परत उचलल्या, मधे कुठंही न थांबता वर नेल्या, ठेवल्या. जादा अक्षर नंतर काढलं. जतन केलं. सतरा मिनिटं झाली होती.

होनराव खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. “हे ‘ई’चं मी शिकवलंच नव्हतं. कागदाच्या तळाशी होतं फक्त. काय केलंत तुम्ही, सांगा.”

“साहेब, पडदा म्हणजे फरशी...”

“फरशी?”

“म्हणजे फळा. पडदा म्हणजे फळा आणि फाइल म्हणजे वही. फळ्यावर काही झालं तरी वहीला धक्का नाही. फळा पुसला आणि वहीतलं परत उतरवून घेतलं.”

होनरावांचा चेहरा उजळला. “फळा आणि वही. छान आहे हे. मी दोन वर्षं लोकांना शिकवतोय, मला सुचलं नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?”

बिराजदार माझ्या मागे उभे होते. मला ते दिसत नव्हते, पण ते तिथं आहेत हे माहीत होतं.

“स्वतःच साहेब,” मी म्हणालो. “कागद वाचून.”

बिराजदार काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, “पेढे आणा सोमवारी.” सोमवारी मी पेढे नेले. ते हजेरीच्या खिडकीत बसले होते. दोन पेढे खाल्ले आणि एक रुमालात बांधून घेतला. “वहिनींना दिलेत का?” एवढंच विचारलं.

दिले होते. शनिवारी संध्याकाळीच. घरी जाऊन मी सगळी परीक्षा पहिल्यापासून सांगितली. ‘पी’ दाबल्यावर एकच अक्षर आलं हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. पडदा कोरा होऊन पत्र परत आलं हे सांगितलं तेव्हा तिनं हातातली विडी सुपात टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली. ‘कुणी शिकवलं’ तेवढं मी सांगितलं नाही.

“एकदा दाखवा की ते मला,” ती म्हणाली. “खरंच तसंच होतं का बघते. चिंचोका कसा पळतो ते बघते.”

“बाहेरच्यांना आत सोडत नाहीत,” मी म्हणालो. तसा काही नियम नव्हता.

महिन्याभरानं होनरावांनी मला बोलावलं. काम वाढलं होतं. “दुसरा ऑपरेटर लागणार. मी बिराजदारांना आधी विचारलं. ते म्हणतात, हजेरीच्या खिडकीत चहा वेळेवर येतो, मला भुताच्या खोलीत बोलावू नका. बाहेरून माणूस घ्यायचा तर सहा महिने शिकवण्यात जातील. तुमच्या ओळखीत आहे कुणी? मॅट्रिक असलं तरी चालेल. टायपिंग शिकवता येईल. हा एडिटर समजलेलं कुणी हवं. बाई असली तरी चालेल, उलट बरंच.”

मला आठवतं, त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली गणपतीचं कॅलेंडर. मी त्या कॅलेंडरकडे बघत होतो. नागमणी त्या खोलीत आली असती तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं, कुणी कुणाला शिकवलं ते. आणि आठवड्याभरात ती माझ्यापुढे गेली असती. हे मला तेव्हा एका क्षणात दिसलं. आजही तेवढंच स्पष्ट दिसतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “ओळखीत कुणी नाही.”

त्यांनी बार्शीची एक मुलगी घेतली. तिला मीच शिकवलं. फळा आणि वही सांगून.

गिरणीत मी पुढे एकवीस वर्षं काढली. मशीनं बदलली, होनराव दुसरीकडे गेले, एडिटरही बदलला. माझ्या छातीनं कधी मोठा त्रास दिला नाही. आज सदुसष्टाव्या वर्षी मी न थांबता दोन मजले चढतो. नागमणी विड्या वळत राहिली. साठी ओलांडल्यावर तिला दम लागायला लागला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मला विचारलं, “बाई तंबाखू खातात का?” मी म्हणालो, “नाही. विड्या वळतात.” ते फोटो खाली ठेवून लिहायला लागले. शेवटचं वर्ष ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

ती गेल्यावर तेराव्याला बिराजदार येऊ शकले नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिन्यानं आले, नातवाच्या रिक्षातून. आम्ही पुढच्या खोलीत बसलो. त्यांनी इकडचं तिकडचं बरंच काढलं. गिरणी बंद पडली ते, होनराव परदेशात गेले ते. मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून घेतला.

“एक विचारू काय, मादगुंडी?” ते म्हणाले. “रागवायचं नाही.”

“विचारा.”

“त्या वेळी होनराव दुसरा माणूस बघत होता. मी नको म्हणालो, कारण मला वाटलं, वहिनी आहेत की. फरशी बघितली होती ना मी. साहेबाला मीच सांगणार होतो, पण म्हटलं, तुमच्या घरची गोष्ट, तुम्ही सांगाल. मग चार-पाच दिवसांनी वहिनी भेटल्या, विड्यांचा माल द्यायला निघालेल्या, डोक्यावर टोपली. मी म्हणालो, वहिनी, साहेब माणूस शोधालाय, बाई चालती म्हणतोय, मॅट्रिक चालती म्हणतोय. टोपली ठेवा खाली.”

मी कप खाली ठेवला. “ती काय म्हणाली?”

“हसल्या. म्हणाल्या, ‘हे सांगतील की मला. ह्यांनी सांगितलं की येते.’” बिराजदारांनी बशी तोंडाला लावली, परत खाली घेतली. “मी वाट बघितली. मग ती बार्शीची पोरगी आली. मला वाटलं, वहिनीच नको म्हणाल्या असतील. घर सोडून जमत नसंल. नको म्हणाल्या का?”

तीस वर्षांहून जास्त तिला माहीत होतं. तिनं कधी मराठीत सुद्धा भांडण काढलं नाही.

“मी तिला विचारलंच नाही,” मी म्हणालो. “साहेबांना सांगितलं, ओळखीत कुणी नाही.”

 बिराजदारांनी उरलेला चहा बशीतून परत कपात ओतला. रागवायचं नाही असं मला सांगणारा माणूस रागावला होता, आणि माणूस जाऊन महिनाच झालेल्या घरात रागवावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

“मग हे आता मला कशाला सांगताय ओ?” ते शेवटी म्हणाले.

“तुम्ही विचारलंत म्हणून,” मी म्हणालो. “तिनं कधी विचारलं नाही.”